1000/6000 चा धारेचा दगड, सहाएक महिन्यांनंतर: दगड उत्तम, ती क्लिप मात्र कुणी वापरू नका

पॅकेट उघडलंय म्हणून रिटर्न होणार नाही असं काल कस्टमर केअरने कळवलं, म्हणून आता सविस्तर लिहितेच. दगडाबद्दल (एक बाजू 1000 ची जाडसर, दुसरी 6000 ची बारीक) तक्रार नाहीच. दहा मिनिटं पाण्यात ठेवायचा, बुडबुडे थांबले की काम सुरू. तक्रार सोबतच्या, पात्याच्या पाठीला लावून ते ठरावीक कोनात धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या अँगल क्लिपची आहे, कारण बॉक्सवर छापलंय की ती सगळ्या चाकूंना चालते आणि हे साफ खोटं आहे.

हिशोब करून बघा. स्वयंपाकघरातल्या 45 मिमी रुंद सुरीला 15 अंश हवे असतील तर तिची पाठ साधारण साडेअकरा मिमी उचलावी लागते, क्लिप तेवढंच करते. माझ्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या छोट्या चाकूचं पातं जेमतेम 14 मिमी रुंद, ते तेवढंच उचललं तर कोन 50 च्या वर जातो! म्हणजे धार लागायच्या ऐवजी होती तीही मोडणार. व्हिक्टोरिनॉक्स स्वतः एका बाजूला 15 ते 20 अंश सांगते, त्याला पाठ फक्त चार-पाच मिमी उचलायची. मी आता रुपयाची नाणी एकावर एक ठेवून स्केलने उंची बघते, त्यावर पाठ टेकवून मनगट पक्कं करते, नाणी काढते आणि सुरू. फुकटात काम होतं, मग क्लिपचे पैसे का घेतले?

दुसरं म्हणजे धारेवर मार्कर फिरवा आणि दोन-तीन हात मारून बघा, शाई फक्त पाठीकडच्या भागावरची गेली आणि अगदी कडेला तशीच राहिली तर कोन कमी पडतोय. एका बाजूने घासत राहायचं जोपर्यंत दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीभर बर (धारेवर उलटून आलेली पोलादाची बारीक कड) येत नाही, अंगठा पाठीकडून धारेकडे हलकेच सरकवला की नखाला अडल्यासारखी लागते, टोकाजवळ ती सगळ्यात उशिरा येते म्हणून तिथे घाई नको. दगडावरचा राखाडी चिखल धुऊ नका, तोच कापतो.

6000 च्या बाजूबद्दल माझं मत बदललंय. पहिले काही आठवडे आरशासारखी चमक बघून मी खूश होते पण माझ्या चाकूचं पोलाद 56 एचआरसीच्या (कडकपणाचं माप) आसपासचं, तसं मऊच, आणि टोमॅटोची साल किंवा सुतळी कापायला 1000 ची धारच जास्त पकडते. 1000 वर बर अगदी हलक्या हाताने काढायची, मग जुन्या चामड्याच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पातं उलटं, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढायचं, बस.

दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे मोठी सुरी खुशाल द्या, हा चाकू नको. कोरड्या चाकावर पातळ टोक तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरतं, मग कितीही घासा, धार टिकत नाही.

घ्यायचा असेल तर नुसता दगड घ्या, क्लिपवाला सेट नको. आणि विकणाऱ्यांनी बॉक्सवर एवढं तरी छापावं की क्लिप किती मिमी रुंद पात्यासाठी आहे, मी तसं त्यांना पुन्हा लिहून पाठवलंय.