एकच रविवार असेल तर: पन्हाळा की विजयदुर्ग?

रणभूमी, जुनी शस्त्रं आणि समोर समुद्र हे तिन्ही एका जागी दाखवा, असं पाहुणे म्हणाले की कोल्हापूरकराची पंचाईत होते. रणभूमी पन्हाळ्यावर, शस्त्रं न्यू पॅलेसमध्ये आणि समुद्र पार घाटाखाली. एका दिवसात काहीतरी सोडावं लागतंच. मान मात्र सारखाच, २०२५ मध्ये दोन्ही किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले.

पन्हाळा शहरापासून वीस-बावीस किलोमीटर. बहुतेक जण गाडीतूनच सगळे पॉइंट उरकून पिठलं-भाकरीला बसतात. तसं करू नका. तीन दरवाजापाशी उतरा आणि शेजारच्या अंधारबावेत शिरा. उन्हातून आत गेलं की क्षणभर काही दिसत नाही, हाताला नुसता गार दगड लागतो. तळाला पाणी आहे आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर काढणारी चोरवाट. तिच्या तोंडाशी उभं राहिलं की १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा पुस्तकातला राहत नाही. चार महिने कोंडलेला गड, जुलैतली पावसाची रात्र, विशाळगडाकडे निघालेले महाराज, शिवा काशीद, घोडखिंडीत उभे राहिलेले बाजीप्रभू आणि बांदल. मुलांना ही गोष्ट तिथेच सांगा. परतताना न्यू पॅलेसमधल्या तलवारी, भाले, बंदुका बघायला तासभर तरी ठेवा.

विजयदुर्गला गगनबावड्यावरून घाट उतरून जायचं, एका बाजूचे चार तास धरा. इथे डोंगराची उंची नाही, संग्रहालय नाही. पण तिहेरी तट आणि तीन बाजूंना पाणी. १७५६ च्या फेब्रुवारीत पेशवे आणि इंग्रज एक झाले, मराठ्यांच्याच आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे यांची गलबतं इथे जळाली. बुरुजावरून वाघोटण खाडीचं तोंड दिसतं, आणि आपल्याच माणसांच्या साथीनं आपली गलबतं जळाली हे आठवून मला दर वेळी गलबलून येतं. गिर्ये गावाकडची खडकात कोरलेली आरमारी गोदीही चुकवू नका, तिथे फार कुणी जात नाही.

आजी-आजोबा किंवा लहान मुलं सोबत असतील तर पन्हाळाच. भर पावसात मात्र तिथे धुक्यात दरी दिसत नाही, दिवाळीच्या सुमारास जा. समुद्राशिवाय मन मानणारच नसेल, तर विजयदुर्गला एक रात्र मुक्काम ठेवा आणि घाट उजेडी उतरा.