मोलॅसिसच्या टाक्यांवर अकूस्टिक एमिशन संच : गळीत हंगाम ते पावसाळा

कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात मी मेंटेनन्स बघतो. आमच्या मोलॅसिसच्या (मळीच्या) दोन टाक्या जुन्या आहेत आणि त्यांचा तळ मातीच्या बाजूनं गंजतो. टाकी रिकामी न करता काही कळावं म्हणून गेल्या हंगामाआधी अकूस्टिक एमिशनचा, म्हणजे पत्र्यातले बारीक आवाज ऐकणारा, आठ चॅनेलचा (आठ सेन्सरचा) संच घेतला. आता पावसाळा सरत आलाय, त्यामुळे बरं-वाईट सांगण्याइतका वापर झालाय.

विकायला आलेल्या माणसानं सांगितली नाही ती गोष्ट आधी सांगतो. हे यंत्र पत्र्याची जाडी मोजत नाही. थिकनेस मीटर स्वतः लहर पाठवतो आणि तिचा प्रतिध्वनी मोजतो. हा संच काहीच पाठवत नाही, नुसता ऐकतो. गंजाचा थर फुगून तडकला, पापुद्रा सुटला की बारीकशी लहर निघते आणि द्रवातून, पत्र्यातून भिंतीवरच्या सेन्सरपर्यंत येते. तळासाठी साधारण 30 ते 60 किलोहर्ट्झचे सेन्सर लावतात. कोणत्या सेन्सरला लहर आधी पोचली, कोणाला उशिरा, यावरून जागा काढतात. म्हणजे गंज कुठं चालू आहे ते कळतं, किती पत्रा उरलाय ते नाही.

हंगामात संच जवळजवळ पडून राहिला. पंप, कन्व्हेअर, उसाच्या ट्रॉल्या, सगळ्याचा धडाका सेन्सरमध्ये येतो. खरं काम एप्रिल-मे मध्ये झालं. टाकी भरून, व्हॉल्व्ह बंद करून रात्रभर तशीच ठेवायची आणि दुसऱ्या रात्री ऐकायचं. दिवसा नको, कारण उन्हानं पत्रा तापून कडकड करतो. पहाटेही सावध राहावं लागतं. छताला आतून दव धरतं, त्याचे थेंब मोलॅसिसवर टपकतात आणि यंत्र तेही नोंदवतं. त्यासाठी भिंतीवर वरच्या बाजूला दुसरी रांग लावली. वरच्या सेन्सरला आधी पोचलेली लहर तळाची नाही, ती सरळ वगळायची. ही युक्ती मला सगळ्यात आवडली.

रोज सुरुवातीला प्रत्येक सेन्सरजवळ पेन-पेन्सिलीचं 0.5 मिमीचं शिसं मोडून बघायचं. सगळीकडे सारखं उमटलं तर ठीक. एखादा मंद वाटला तर खालचं ग्रीस वाळलेलं असतं किंवा रंग नीट खरवडलेला नसतो. आमचे फिटर आधी हसले, आता शिशाची डबी तेच खिशात ठेवतात.

ऐकलेल्या प्रत्येक लहरीच्या जागी पडद्यावर ठिपका उमटतो. एका टाकीत नाल्याकडच्या कडेला ठिपक्यांची गर्दी दिसली. ती टाकी आधी रिकामी केली. 8 मिमीचा तळ तिथं निम्म्याच्याही खाली आला होता, पत्रे बदलले. दुसरी टाकी शांत होती, पण मागच्या दुरुस्तीत तिच्यात खड्डे सापडलेले आम्हाला ठाऊक आहेत. थांबलेला गंज आवाज करत नाही, म्हणून शांत टाकीला निर्धास्त म्हणू नका. कोणती टाकी आधी उघडायची हे ठरवायला मात्र याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मी वापरलेलं नाही. मोलॅसिस हलवून टाकी धुवायची म्हणजे काय खटाटोप असतो, ते कारखान्यातल्या माणसाला सांगायला नको.

पावसाळ्यात विसरा. आपल्याकडचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की पडदा नुसता ठिपक्यांनी भरतो. केबल उंदरांनी कुरतडल्या, शेवटी लोखंडी पाइपातून ओढल्या. सॉफ्टवेअर बोजड आहे आणि शिकवणारा माणूस दोन दिवसांत निघून गेला. एकाच कारखान्यानं विकत घेण्यापेक्षा भाड्यानं, अनुभवी माणसासकट आणावा, असं माझं मत.

मिलखालच्या आरसीसी खांबांवरही लावून पाहिला. सळईचा गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो, काँक्रीट आतून फोडतो, आणि तो फुटण्याचा आवाज येतो. पण काँक्रीटमध्ये लहर लवकर विरते, सेन्सर जवळजवळ लावावे लागतात आणि आठ चॅनेल दोन खांबांतच संपतात.

डिस्टिलरीच्या स्पिरिटच्या टाक्यांवर लावा, असं वरून सांगणं आहे. तिथं इंट्रिन्सिकली सेफ, म्हणजे ज्यांच्यामुळे वाफ पेटणार नाही असे सेन्सर लागतात, आमचे तसे नाहीत. त्यांचं कोटेशन मागवलंय.