लिखा की कोंडा? तुळशीबागेतल्या स्टीलच्या फणीने आमच्या घरात निकाल लावला

मला दोन मुली. थोरली नववीत, धाकटी तिसरीत. यंदा शाळा सुरू होऊन पंधरा दिवस होतात न होतात तोच दोघींचंही डोकं खाजायला लागलं. केसांत पांढरे कण दोघींच्याही. पार्लरमध्ये केस कापायला नेलं तेव्हा तिथल्या ताईंनी भांग पाडून बघितलं आणि सांगितलं, कोंडा आहे. मीही ते धरून चालले. केटोकोनॅझोलचा शाम्पू आणला, आठवड्यातून दोनदा दोघींना लावला. तीन आठवड्यांत थोरलीचं डोकं शांत झालं. धाकटीचं मात्र नाही. झोपेतसुद्धा कानामागे खाजवत राहायची. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे.

त्याच आठवड्यात सासूबाई साताऱ्याहून आल्या. धाकटीला पायऱ्यांवर उजेडात बसवली, मानेवरचे केस वर उचलले, एक केस चिमटीत धरून ओढला आणि मला हाक मारली. ‘अगं, इकडे ये. हा कोंडा नाही. हा बघ, जागचा हलत नाही.’

मी वाकून बघितलं. टाळूपासून जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरवर, केसाच्या एका बाजूला चिकटलेला लांबट दाणा. खसखशीपेक्षाही लहान, पांढराशुभ्र नव्हे, पिवळट तपकिरी. मी फुंकर मारली, बोटाने झटकला, तो तिथेच. दोन नखांत धरून केसाच्या टोकापर्यंत ओढत आणला तेव्हा निघाला. आईंनी तो अंगठ्याच्या नखावर ठेवून दुसऱ्या नखाने दाबला. टच्च असा आवाज आला. ‘जिवंत आहे,’ म्हणाल्या.

मग थोरलीला बसवलं. तिच्या केसांतले कण वेगळे. वेडेवाकडे, चपटे, काही तेलकट पिवळसर, आणि भांगाच्या रेषेत टाळूवरच जास्त. केस हलवला की खांद्यावर पडत होते. म्हणजे थोरलीला खरंच कोंडा होता आणि धाकटीच्या डोक्यात लिखा होत्या. एकाच घरात, एकाच वेळी. तीन आठवडे मी दोघींना एकच शाम्पू लावत होते.

पण लिखा दिसल्या म्हणजे उवा आहेतच असं नाही. जुन्या, फुटलेल्या लिखांची पांढरी टरफलं केसाला महिनोन्‌महिने चिकटून राहतात आणि केसाबरोबर वाढत वर सरकतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून टाळूपासून लांब दिसणारी लीख बहुतेक रिकामी असते. जिवंत ऊ सापडली पाहिजे, आणि ती भांग पाडून सापडत नाही, कारण उजेड पडला की ती पळते. पार्लरमधल्या ताईंना दिसली नाही यात नवल नाही. त्यासाठीच फणी लागते.

घरातली लाल प्लॅस्टिकची फणी आधी वापरून बघितली. दोन वेळा विंचरलं तोच तिचे दात फाकले. मग शनिवारी तुळशीबागेत जाऊन १८० रुपयांची स्टीलची फणी घेतली. दात लांब, अगदी जवळजवळ बसवलेले, आणि प्रत्येक दाताला स्क्रूसारखे आटे. घ्यायच्या आधी दुकानातच उजेडासमोर धरून बघा. सगळ्या फटी सारख्या दिसल्या पाहिजेत. मी चार फण्या बघून पाचवी घेतली.

वापरायची पद्धत आता माझ्या हातात बसली आहे. केस ओले करायचे, भरपूर कंडिशनर चोपडायचा, आधी मोठ्या कंगव्याने गुंता काढायचा. कंडिशनरमध्ये उवांना भराभर पळता येत नाही. मग केसांचे पातळ भाग करून फणी टाळूला टेकवायची आणि टोकापर्यंत एका ओढीत आणायची. प्रत्येक ओढीनंतर पांढऱ्या पंचावर पुसायची. तिसऱ्याच ओढीला पंचावर तिळाएवढी करडी ऊ आली आणि पाय हलवायला लागली. त्या दिवशी अकरा निघाल्या, बहुतेक कानामागच्या आणि मानेवरच्या. थोरलीचे केसही तसेच विंचरले, पाऊण तास. एकही नाही. पंचावर फक्त कोंडा. मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच, कारण नाहीतर घाबरून मी तिच्याही डोक्यावर औषध ओतलं असतं.

डॉक्टरांनी धाकटीला एक टक्का परमेथ्रिनचं लोशन दिलं. धुतलेल्या, टॉवेलने टिपलेल्या केसांना दहा मिनिटं लावायचं, त्या वेळी कंडिशनर आधी लावायचा नाही, आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात आणि पहिल्या हाताने सगळ्या मरत नाहीत, म्हणून दुसरा हात चुकवायचा नाही. मधल्या दिवसांत दर तिसऱ्या दिवशी फणी.

शेजारच्या काकूंनी मायेने सीताफळाच्या बियांची पूड लावायला सांगितली होती. कृपा करून कुणी लावू नका. ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. रॉकेलही नको, ते पेट घेतं आणि कातडी भाजते.

फणीच्या उणिवाही सांगते. मूठ आखूड आहे, ओल्या हातातून सटकते. दात टोकदार आहेत, जोर दिला तर टाळूला ओरखडे येतात. दाट कुरळ्या केसांत कंडिशनर न लावता घातलीत तर मूल रडेल. वरचं प्लॅस्टिकचं झाकण आठवड्यात तुटलं. पण दात अजून एकही वाकलेला नाही, आणि कडकडीत पाण्यात दहा मिनिटं ठेवली की स्वच्छ होते.

उवा उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. डोक्याला डोकं लागलं की चालत जातात, मग केस रोज धुतलेले असोत की नसोत. हे मी धाकटीला तीनतीनदा समजावलं, कारण शाळेच्या व्हॅनमध्ये दोन मुली तिच्याजवळ बसेनात आणि ती घरी येऊन विचारत होती, ‘आई, मी घाणेरडी आहे का गं?’ तिला जवळ घेतलं, पंचा दाखवला, म्हटलं, बघ, सगळ्या निघाल्या. सोळाव्या आणि एकोणिसाव्या दिवशी पंचा कोरा निघाला. आता वेणी घट्ट घालते आणि रविवारी एकदा फणी फिरवते.

मागच्या आठवड्यात तुळशीबागेत गेले तेव्हा आणखी दोन घेतल्या. एक आई साताऱ्याला घेऊन गेल्या, दुसरी व्हॅनमधल्या त्या मुलींपैकी एकीच्या आईने मागून नेली आहे.