विधी सेवेचा मोफत वकील : रेच्यात बोटं गेल्यावर मला आलेला अनुभव

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, जाणाऱ्या बायांसाठी हे लिहिते आहे. डाव्या हातानं टाइप करते, वेळ लागतो, पण लिहायचंच होतं.

९ डिसेंबर २०२१, रात्रपाळी. सीझन भरात होता. रेच्याच्या, म्हणजे सरकी काढायच्या मशीनच्या, रोलरपाशी कापूस अडकला, मी नेहमीसारखी ओढायला गेले आणि उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन्ही बोटं मुळापासून गेली. गाडीत बसवताना मुकादम कानाशी म्हणाला, "दवाखान्यात सांगजो, घरी कडबा कुट्टीत हात गेला म्हून. मालक सारा खर्च करते." सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तोंडातून खरं तेच निघालं : जिनिंगच्या मशीनमध्ये गेला. त्यांनी ते केसपेपरवर तसंच लिहिलं. त्या एका ओळीवर पुढे सगळी केस उभी राहिली.

पंधरा दिवसांनी मुकादम घरी आला. २५ हजार रुपये दिले आणि एका कागदावर सही घेतली : भरपाई पूर्ण मिळाली, आता काही मागणं नाही. मी दहावी शिकलेली आहे, कागद वाचला होता. पण घरात उधारी होती, सही केली. त्यानंतर वीस महिने मी धरून चालले की सही केली म्हणजे विषय संपला. तालुक्याला एक दलाल भेटला, तो म्हणाला, काढून देतो, ३० टक्के माझे. मी घरी परत आले.

विधी सेवेचं, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी ऑफिसचं, आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं. १५१०० हा नंबर त्यांनीच लावून दिला, पैसे पडत नाहीत. तिथून कळलं की १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कारखान्यातल्या कामगाराला सरकारी खर्चानं वकील मिळतो. बाईला उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. तलाठ्याकडची एक फेरी वाचली, हे ज्यांनी त्या फेऱ्या मारल्या त्यांनाच समजेल. ऑगस्ट २०२३ मध्ये कोर्टाच्या आवारातल्या ऑफिसात साधा अर्ज दिला, सोबत आधार, केसपेपर आणि बोटांचे फोटो.

आधी वाईट सांगते. पहिले नेमलेले वकील दोन वेळा भेटायचं ठरवून आलेच नाहीत. फोन उचलत नव्हते. भरपाईचा दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत लावायचा होता आणि माझे चारच महिने उरले होते. मला रात्री झोप येत नव्हती. शेवटी वकील बदलून द्या असा अर्ज दिला. तिथल्या बाबूनं तोंड वाकडं केलं, पण बदलून मिळाला. हे करता येतं, हे कुणी आपणहून सांगत नाही.

दुसऱ्या वकील मॅडम आल्या आणि पहिल्याच दिवशी तासभर बसल्या. मी सहीच्या कागदाचं घाबरत सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, हक्क सोडल्याचा असा करार १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात कलम १७ नं रद्दच ठरतो. आणि कलम ८ प्रमाणे बाईला एकरकमी भरपाई परस्पर हातात देताच येत नाही, ती नुकसानभरपाईच्या आयुक्तांकडे जमा करावी लागते." वीस महिने ज्या कागदाला भ्याले, त्याची किंमत तेवढीच होती. मला रडू आलं. त्यांनी पाणी दिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

जिनिंग हा कायद्यानं हंगामी कारखाना, म्हणून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आम्हाला लागू नाही, हेही त्यांनीच सांगितलं. त्यामुळे आमची केस १९२३ च्या त्याच कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली लावली. मालकाचं म्हणणं, ही बाई ठेकेदाराची. मॅडमनी दोघांनाही पार्टी केलं, कारण ठेकेदाराच्या माणसाचीही जबाबदारी कलम १२ नं मूळ मालकावर येत होती. मजुरीचा पुरावा म्हणून मुकादमाची हजेरीची वही कोर्टात मागवून घेतली, त्यात ३०० रुपये रोज निघाला.

हिशेब त्यांनी मला वहीत करायला लावला. महिन्याचे २६ रोज धरून ७,८००, त्याचे ६० टक्के ४,६८०. माझं वय तेव्हा ३५, कायद्याच्या तक्त्यात त्या वयाचा आकडा १९७.०६. या दोन्हींच्या गुणाकाराचे २० टक्के, कारण एका हाताची दोन बोटं म्हणजे कायद्याच्या यादीत २० टक्के. १ लाख ८४ हजार ४४८. समोरचा वकील म्हणत होता की बाई अजून निंदण करते, म्हणजे नुकसान काय? पण यादीत टक्के लिहिलेलेच होते, त्यावर वाद चालला नाही.

तारखा पुष्कळ झाल्या. तोवर एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं होतं, नाहीतर मी थकले असते. कोर्टात बसायला बाकडं नाही, तारीख पडली की नाही ते दुपारी तीनला कळायचं. फेब्रुवारी २०२५ ला निकाल, मे महिन्यात पैसे जमा. १२ टक्के व्याजाचे ७३ हजार ७७९ वेगळे. दंडही मागितला होता, तो मिळाला नाही, त्याचं मला वाईट वाटतं. मॅडमनी माझ्याकडून चहासुद्धा घेतला नाही.

विधी सेवेला पाचापैकी चार गुण. एक पहिल्या वकिलामुळे कापला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे, तेव्हा मुदत आणि हिशेब वकिलालाच विचारा, माझे आकडे धरू नका. परवा आमच्याच जिनिंगमधल्या एका बाईचा फोन आला. मनगट चेंगरलं आहे, आणि मुकादमानं कागद आणून ठेवला आहे. मी सांगितलं, सही करू नको, केसपेपर पिशवीत घे. सोमवारी सकाळच्या साडेसातच्या गाडीनं तिला घेऊन निघते आहे.