परदेशातून स्वस्त पार्ट मागवायचे, की तपकीर गल्ली गाठायची?

पावसाळ्यात लाईट दोन-तीनदा गेली-आली की घरातले एखादे यंत्र आडवे होतेच. वॉशिंग मशीन, आरओ, नाहीतर इंडक्शन. आतले कार्ड (सर्किट बोर्ड) बाहेर काढले तर दोषी बहुधा डोळ्यांनीच सापडतो: तडकलेला एमओव्ही (जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा पार्ट), डोके फुगलेला कपॅसिटर, किंवा पोटात खड्डा पडलेली छोटी आयसी. कंपनी अख्खे कार्ड बदलायला सांगते आणि काही हजारांचा आकडा लावते. उडालेला पार्ट असतो फार तर शंभर रुपयांचा. मग इंटरनेटवर तोच पार्ट परदेशात वीस रुपयांना दिसतो आणि हात शिवशिवतात.

पुण्यातल्या माणसापुढे खरे तर चार वाटा आहेत. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आजूबाजूची दुकाने ही पहिली. देशी ऑनलाइन दुकाने दुसरी. त्यातले रोबू तर पुण्यातलेच. तिसरी वाट डिजिकी, माऊसर, एलिमेंट१४ अशा अधिकृत वितरकांची, जे थेट उत्पादकाकडून माल घेतात. चौथी वाट परदेशी स्वस्त विक्रेत्यांची. जुन्या व्हिडिओंत सगळे अलीएक्स्प्रेसचे नाव घेतात, पण त्यावर नोव्हेंबर २०२० पासून भारतात बंदी आहे. आता उरतात ते ईबेवरचे विक्रेते आणि शेनझेनची एलसीएससी. या दोघांना एका पारड्यात तोलू नका. एलसीएससी हा वितरक आहे, तर ईबेवर कोण बसलाय ते विक्रेत्यागणिक बदलते.

आधी हिशेब

वीस रुपयांचा पार्ट वीस रुपयांत घरी येत नाही. सीमाशुल्क फक्त मालावर लागत नाही, वाहतूक आणि विमा धरून जी किंमत होते तिच्यावर लागते. आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) त्यानंतर, म्हणजे शुल्क मिळवून आलेल्या रकमेवर. समजा ४०० रुपयांचे पार्ट घेतले आणि कुरिअरचे १,२०० झाले. करपात्र किंमत १,६००. दोन्ही कर मिळून ४० टक्के धरले तर ६४० रुपये कर, म्हणजे मालाच्या किमतीहून जास्त. हातात पडेपर्यंत २,२४० झाले, आणि कुरिअर कंपनीचे क्लिअरन्सचे पैसे त्यावर वेगळे. चाळीस टक्के हा हिशेबापुरता आकडा. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून मागवायच्या आठवड्यात सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या) संकेतस्थळावर पाहून घ्या. पाहताना एक मेख लक्षात असू द्या: स्वतःच्या वापरासाठी आणलेल्या वस्तूंना ९८०४ हे वेगळे शीर्षक लागते. व्यापाऱ्याला आयसीवर शुल्क शून्य असले, म्हणून तुम्हालाही शून्यच लागेल असे नाही.

‘भेट म्हणून लिहून पाठवा, कर लागत नाही’ हा सल्ला अजून फिरतो. तो सोडून द्या. ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये गेली, राख्या आणि जीवरक्षक औषधे तेवढी अपवाद राहिली.

साध्या टपालाने वाहतूक स्वस्त पडते, पण तीन ते सहा आठवडे धरावे लागतात. कुरिअरने आठवड्याभरात येते. दोन्हीकडे ओळखपत्र लागते, आणि आधारवरचे नाव व पार्सलवरचे नाव सारखे हवे. ‘बंड्या’ या नावाने मागवलेले पार्सल अडकले तर दोष कस्टमचा नाही. कार्डाने पैसे भरणार असाल तर परदेशी ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये आधी चालू करून ठेवा.

मग परदेशी ऑर्डर परवडते कधी? एका पार्टसाठी जवळजवळ कधीच नाही. यादी साठली, दोन-तीन ओळखीचे लोक जमले आणि वाहतूक वाटली गेली, की परवडते. एलसीएससीवर बरेच पार्ट पाच, दहा, वीस अशा नगांतच मिळतात, म्हणून यादी वाटून घेतलेली बरीच. अधिकृत वितरकांचेही तसेच आहे: पार्ट महाग नसतो, छोट्या ऑर्डरीवरची वाहतूक महाग असते.

जे मागवूच नये

लिथियम सेल, पॉवर बँक, मोबाईलचे चार्जर, अडॅप्टर, एलईडी ड्रायव्हर. यांना भारतात बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे, आणि सुटे लिथियम सेल विमानाने पाठवण्यावर निर्बंध आहेत. पार्सल अडकते, पैसे अडकतात. शिवाय ‘९९०० एमएएच’ छापलेला १८६५० सेल ही सरळ थाप आहे. त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये ३,५०० च्या आसपास मावते आणि त्याचे वजन ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीस ग्रॅम भरला तर समजून जा. वायरलेस मॉड्यूलला डब्ल्यूपीसीची (दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाची) मान्यता लागते. रेडिओची चिप असलेली कुठलीही वस्तू देशी दुकानातूनच घ्या, आयातीची डोकेदुखी त्याने घेतलेली असते. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे.

कुठला पार्ट कुठून

इथे किंमत बाजूला ठेवा आणि एवढेच विचारा: हा पार्ट खोटा निघाला तर काय होईल? फक्त यंत्र चालणार नाही, की धूर निघेल, की शॉक बसेल?

पंख्याचा कंडेन्सर (बहुतेक पंख्यांत २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट एसी), फ्यूज, एमओव्ही, स्विच, साधे रेझिस्टर, १२ व्होल्टचे रिले: हे सरळ पेठेतून. रिले घेताना मात्र नंबरची शेपटी वाचा. एसआरडी-१२व्हीडीसी-एसएल-सी मध्ये शेवटचा ‘सी’ म्हणजे चेंजओव्हर (दोन्हीकडे जोडणारा), ‘ए’ म्हणजे फक्त नॉर्मली ओपन (एरवी उघडा राहणारा). कॉइलचा रेझिस्टन्स ४०० ओहमच्या जवळ यायला हवा. मल्टिमीटर खिशात असेल तर दुकानातच मोजता येतो.

दुकानदार स्वतःच विचारतो, ‘ओरिजिनल देऊ की चालू?’ चालू म्हणजे स्वस्तातला, हलका माल. हा प्रश्न परदेशी संकेतस्थळावर कुणी विचारत नाही, आणि पेठेचा मोठा फायदा तोच. कुठे चालू चालतो आणि कुठे नाही, हे आपल्याला माहीत हवे इतकेच.

एक्स-टू कपॅसिटरला चालू चालत नाही. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये बसणारा हा पार्ट आहे; त्यावर एक्स-टू, २७५ किंवा ३१० व्होल्ट एसी आणि मान्यतेच्या खुणा हव्यात. स्वस्त सेन्सर दिवे, टायमर आणि काही छोट्या कार्डांत हाच कपॅसिटर व्होल्टेज पाडायच्या कामाला लावलेला असतो, आणि वर्षे जातील तशी त्याची क्षमता घटते. रिले टकटक करतो, दिवा मिणमिणतो, पण जळलेले काहीच दिसत नाही. ४७४ लिहिलेला, म्हणजे ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ०.३५ वर आला असेल तर दुखणे तिथेच. मिक्सरचा चांगला मेकॅनिकही इथे आधी रिले बदलून मोकळा होतो.

पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर: १०५ अंशांचे आणि लो-ईएसआर, म्हणजे आतला रेझिस्टन्स कमी असलेले. रुबिकॉन, निचिकॉन, पॅनासॉनिक हे अधिकृत वितरकाकडून किंवा एलसीएससीवरून घ्यावेत. अनोळखी विक्रेत्याच्या मोठ्या डब्यात कधी कधी छोटा कपॅसिटर घालून आवरण चढवलेले असते. वजन हलके लागते, आणि ईएसआर मोजला की गुपित फुटते.

आता पॉवर सेमीकंडक्टर, म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणारे पार्ट. लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात.

इंडक्शनमधला आयजीबीटी (एच२०आर१२०३ आणि त्याची भावंडे: २० अँपिअर, १,२०० व्होल्ट) आणि इन्व्हर्टरमधले आयआरएफ३२०५ किंवा आयआरएफझेड४४एन मॉस्फेट यांची नक्कल जगभर विकली जाते. वरची छपाई बरोबर असते, आतली सिलिकॉनची चकती मात्र लहान किंवा दुसऱ्याच पार्टची. अशी नक्कल थंड असताना मल्टिमीटरवर पास होते आणि पहिल्या जोराच्या लोडला फुटते, सोबत ड्रायव्हर (तिला चालवणारे सर्किट) आणि ब्रिज (एसीचे डीसी करणारा पार्ट) घेऊन जाते. एटीमेगा३२८ या चिपवर चालणारा छोटा कंपोनंट टेस्टर देशी ऑनलाइन दुकानांत मिळतो, तो एकदा घेऊन ठेवा. तो मॉस्फेटची गेट कपॅसिटन्स दाखवतो. आयआरएफ३२०५ च्या डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) ती ३,२४७ पिकोफॅरड आहे, आयआरएफझेड४४एन ची १,४७०. डेटाशीटमधले आकडे २५ व्होल्टला मोजलेले असतात आणि टेस्टर जवळपास शून्याला मोजतो, त्यामुळे खऱ्या पार्टचे वाचन याहून जास्तच यायला हवे. ३२०५ ने दीड हजार दाखवले तर तो ३२०५ नव्हे.

हे पार्ट स्वस्त परदेशी विक्रेत्याकडून घेऊ नका. पेठेतून घेतले तर चार घेऊन चारही मोजा. मन मानत नसेल तर अधिकृत वितरक. बसवल्यावर पहिल्यांदा सप्लाय देताना १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. इंडक्शनचा आयजीबीटी आपण होऊन क्वचितच मरतो: नवा बसवायच्या आधी ब्रिज, १८ व्होल्टचा सप्लाय, गेट ड्रायव्हरचे ट्रान्झिस्टर आणि कॉइलजवळचा ०.२७–०.३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तपासा, नाहीतर दुसराही जाईल. आणि कार्डाला हात लावण्यापूर्वी मोठा कपॅसिटर बल्बमधून रिकामा करा. त्यावर सव्वातीनशे व्होल्ट डीसी उभे असतात.

ट्रायॅकमध्ये (एसी चालू-बंद करणारा पार्ट) एका अक्षराने घात होतो. बीटीए१६ चा धातूचा टॅब आतून इन्सुलेट केलेला असतो. बीटीबी१६ चा टॅब थेट मेनशी जोडलेला. दिसायला दोघे जुळे. बीटीए च्या जागी बीटीबी सरळ हीटसिंकला (उष्णता काढणाऱ्या धातूच्या पट्टीला) ठोकला की हीटसिंक जिवंत झाली, हात लागला की शॉक. पेठेत ‘सोळा-सहाशे’ एवढेच सांगितले तर हातात कुठलाही पडू शकतो. ‘बीटीए’ म्हणून मागा आणि टॅब ते मधला पाय असे मल्टिमीटरने तपासा. बीप वाजला तर परत करा.

वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह यांच्या कार्डांवर उडणारी एलएनके३०४ ही पॉवर सप्लायची आयसी एलसीएससी किंवा वितरकांकडे हमखास मिळते. नंबरमधला पी म्हणजे लांब पायांची, जी म्हणजे तीच सपाट बसणारी, डी म्हणजे लहान एसओ-८. पी प्रकारात सहावा पाय मुळातच नसतो. तुटका माल आला म्हणून तक्रार करू नका. ही आयसी उडाली की तिच्या पुढचा फ्यूजेबल रेझिस्टरही बहुधा उघडा पडलेला असतो. तिथे साधा रेझिस्टर घालू नका, पुढच्या वेळी तो फ्यूजसारखा तुटायच्या ऐवजी पेटेल.

एलएम२५९६ चे, डीसी व्होल्टेज उतरवणारे निळे मॉड्यूल कुठूनही घेतले तरी बहुतेक वेळा नक्कलच मिळते. खरी चिप १५० किलोहर्ट्झला चालते, नक्कल ५० च्या आसपास. फ्रिक्वेन्सी मोजणारा मीटर दुसऱ्या पायाला लावला की कळते. एक अँपिअरच्या आत वापरायचे असेल तर नक्कलही चालून जाते. त्यासाठी परदेशी जायची गरज नाही.

परदेशी विक्रेत्याचा खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी होतो: टीव्हीच्या बॅकलाइटच्या पट्ट्या, टी-कॉन बोर्ड (टीव्हीच्या पॅनेलला चित्र पुरवणारे कार्ड), जुन्या मॉडेलचे डिस्प्ले, मायक्रोवेव्हचे मेम्ब्रेन कीपॅड, विचित्र कनेक्टर. हे इथे सहजी मिळत नाहीत, आणि चुकीचे निघाले तरी आग लागत नाही. पट्टीवरचा छापील कोड, एलईडींची संख्या, लांबी आणि प्रत्येक एलईडीचे व्होल्टेज (३ की ६) जुळवूनच मागवा. टीव्हीच्या मॉडेल नंबरावर विसंबू नका, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी पॅनेल निघतात. सगळ्या पट्ट्या एकदम बदला, नाहीतर पडद्यावर उजेडाचे पट्टे दिसतात. लांब पट्ट्या वाटेत मोडतात, म्हणून विक्रेत्याला पुठ्ठ्याच्या नळीत किंवा दोन तुकड्यांत पाठवायला सांगा. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. वाद घालायची वेळ आली तर तोच पुरावा.

काही वेळा याहून सोपी वाट पुण्याच्या ‘जुन्या बाजारा’तून जाते. रविवारी किंवा बुधवारी तिथे त्याच कंपनीचे मेलेले कार्ड मिळाले तर ट्रान्सफॉर्मर, कनेक्टर, रिले सगळे त्यावरून काढता येते. कपॅसिटर मात्र त्यावरचे वापरू नका.

पेठेत जाणार असाल तर गाडी घरीच ठेवा आणि मेट्रोने मंडईला उतरून चालत जा. उडालेला पार्ट सोबत न्या, कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि पूर्ण नंबर शेपटीसकट चिठ्ठीवर लिहा. जळून नंबर गेला असेल तर कार्डावर त्या जागेजवळ छापलेले क्यू३, यू१ असे नावही टिपा. जुना दुकानदार कार्ड ओळखून पार्ट काढून देतो.