खिडकी की एलईडी? घरात अडकलेल्यांच्या स्टिल लाइफसाठी

बाहेर पडणं बंद झालं की फोटोग्राफरची पहिली चिडचिड कॅमेऱ्यावर निघते. वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला, त्यानंतर माझे रविवारचे किल्ले, पहाटेची धुकी, नदीकाठ सगळं थांबलं. कॅमेरा कपाटात गेला, तो बऱ्याच दिवसांनी बाहेर आला तो घरातल्याच वस्तूंचे फोटो, म्हणजे स्टिल लाइफ, काढायला. पानाचा डबा, औषधांचं खोकं, तांब्या, चष्मा. आता ओळखीतलं कुणी अशाच फेऱ्यात सापडलं, घरात आजारपण किंवा हातचं काम गेलेलं, की फोनवर एक प्रश्न हमखास येतो: खिडकीच्या उजेडावर भागेल का, की सरळ एक एलईडी लाइट घेऊन टाकू?

मी दोन्ही वापरलंय, म्हणून लिहितो. फोन की कॅमेरा हा वाद इथे नको, हातात असेल ते चालतं. ट्रायपॉड मात्र दोन्हीकडे लागतोच. ॲपर्चर, आयएसओ तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

इतिहासाकडे बघितलं तर खिडकीचं पारडं आधीच जड आहे. प्रागचा फोटोग्राफर योसेफ सुदेक घ्या. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. पुढे नाझींच्या ताब्यातल्या प्रागमध्ये रस्त्यावर कॅमेरा घेऊन फिरणं म्हणजे संशय ओढवून घेणं, तेव्हा 1940 पासून त्याने आपल्या छोट्या स्टुडिओची खिडकीच टिपायला घेतली. काचेवर साचलेली वाफ, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला पेला, अंडं, पावाचा तुकडा. युद्ध संपलं तरी 1954 पर्यंत तो त्या खिडकीपाशी काम करतच राहिला. दुसरा फोटोग्राफर आन्द्रे केर्तेस, मूळचा हंगेरीचा. 1977 मध्ये त्याची बायको एलिझाबेथ गेली तेव्हा त्याने ऐंशी ओलांडली होती. न्यूयॉर्कला वॉशिंग्टन स्क्वेअरवरच्या घरात, पोलरॉइडचा एसएक्स-70, म्हणजे फोटो लगेच बाहेर काढून देणारा कॅमेरा, हातात घेऊन त्याने खिडकीतल्या वस्तूंचे फोटो काढले. त्यात काचेचा एक छोटा अर्धपुतळा आहे. त्याच्या मानेची आणि खांद्याची ठेवण बघून त्याला एलिझाबेथची आठवण यायची. तो पुतळा खिडकीत ठेवायचा, उजेड कसा पडतो ते बघत बसायचं आणि बटण दाबायचं.

आता हेही खरं की या दोघांना दीड-दोन हजारात एलईडी पॅनल घरपोच मिळत नव्हतं. मिळालं असतं तर त्यांनी काय केलं असतं कुणास ठाऊक. तेव्हा मोठ्या नावांच्या जोरावर निकाल लावण्यात अर्थ नाही, आपल्या घरात काय जमतं ते बघायचं.

आपल्या घरात, म्हणजे बहुधा वन बीएचकेत, खिडकीच्या तक्रारी बऱ्याच आहेत. पहिली ग्रिलची. इंग्रजी पुस्तकांतल्या खिडक्या उघड्याबोडक्या असतात, आपल्याकडे चोरांच्या, कबुतरांच्या आणि लहान पोरांच्या भीतीने लोखंडी जाळी ठोकलेली. पितळेचा तांब्या ठेवा, त्याच्या पोटावर ग्रिलचे सगळे गज वाकडे होऊन उमटतात. दुसरी तक्रार समोरच्या बिल्डिंगची. आमच्या समोरची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि तिच्यावर हिरवी जाळी चढली. तेव्हापासून दुपारनंतर जाळीवरून परतून आमच्या टेबलावर येणारा उजेडही हिरवट. ग्रे कार्ड (रंग जुळवायला धरायचं करडं कार्ड) धरून व्हाइट बॅलन्स लावला, म्हणजे खरा पांढरा कुठला ते कॅमेऱ्याला सांगितलं, की बराचसा उतरतो, पण आकाशाकडून येणारा उजेड निळसर आणि जाळीकडून येणारा हिरवा, दोन्ही एकाच वस्तूवर पडले की कुठेतरी तडजोड करावीच लागते.

तिसरी गोष्ट पुस्तकं सांगत नाहीत. ‘उत्तरेची खिडकी सर्वांत चांगली, तिथे थेट ऊन येत नाही’ हा नियम युरोपात बसून लिहिलेला आहे. पुण्या-मुंबईत मे महिन्याच्या मध्याच्या सुमाराला सूर्य माथ्यावर येतो, तोच आपला शून्य सावलीचा दिवस. तिथून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे मेच्या शेवटच्या दिवसांत, ढग जमायच्या आधी, उत्तरेच्या खिडकीच्या कट्ट्यावरही उन्हाची धारदार पट्टी पडू शकते. जूनमध्ये पाऊस आला की प्रश्न मिटतो, पण तोवर जुन्या पांढऱ्या धोतराचा एक पदर खिडकीला चिमट्याने अडकवायचा. धोतर नसेल तर बटर पेपर. ग्रिलच्या गजांवरही हाच उतारा, कारण जाळीच्या आतून बटर पेपर लावला की उजेड मुळात तिथूनच निघाल्यासारखा होतो आणि तांब्यावर गजांऐवजी एक साधा पांढरा चौकोन दिसतो.

पावसाळ्यातला उजेड मला सर्वांत आवडतो, आणि तोच सर्वांत कमी असतो. एफ 8, आयएसओ 100 धरलं तर एक्स्पोजर, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, सेकंदावर जातं, कधी दोनावर. वरच्या मजल्यावर कुणी पलंग सरकवला तरी फोटो हलतो. ढग एवढे पळतात की अर्ध्या मिनिटापूर्वी घेतलेलं उजेडाचं मोजमाप उपयोगाचं राहत नाही. हे सगळं आवडण्याजोगं आहे असं मी म्हणणार नाही.

एलईडीकडे यातलं काहीच नाही. लाइट लावला की लागला. आज रात्री अकरा वाजता जसा उजेड, तसाच पुढच्या महिन्यात. कामाचे फोटो काढणाऱ्याला, घरून मसाले किंवा दागिने विकणाऱ्याला ही गोष्ट सोन्याच्या मोलाची आहे, सगळा कॅटलॉग एकसारखा दिसतो. एकाच वस्तूची महिनोन्‌महिने मालिका करायची असेल तरी तेच. घेताना सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) 95 च्या वर बघा. कमी असेल तर हळकुंड आणि कुंकू हमखास मेलेलं दिसतं. स्वस्तातला लाइट चमचमतो, डोळ्यांना कळत नाही पण फोटोत काळे पट्टे येतात. आपली वीज 50 हर्ट्झची, तेव्हा शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवलं की बहुतेक वेळा सुटका होते. चकचकीत वस्तूंसाठी नुसतं पॅनल मात्र कुचकामी. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी बाजू मी पॅनलखाली ठेवली तर प्रत्येक फुग्यावर एलईडीच्या ठिपक्यांची जाळी उमटली. सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी, पांढऱ्या कापडाची पेटी) लावा, किंवा लाइट आणि वस्तू यांच्यामध्ये पुन्हा तोच बटर पेपर. मुळात उजेड वस्तूच्या मानाने जेवढा मोठा तेवढी सावली मऊ, हे खिडकीलाही लागू आणि लाइटलाही.

आता ज्या एका गोष्टीवर माझं पारडं झुकलं ती सांगतो. ती लाइटमध्ये नाहीच, ट्यूबमध्ये आहे.

एलईडी वापरायचा तर खोलीतला बाकीचा दिवा घालवावा लागतो. तो चालू राहिला तर वस्तूला दोन सावल्या पडतात. एक लाइटची, काळीशी आणि ट्यूबच्या उजेडाने हिरवट. दुसरी भिंतीवरच्या ट्यूबची, उलट्या दिशेला, फिकट. ही दुसरी सावली एकदा दिसली की नंतर दिसायची थांबत नाही. लाइट वस्तूच्या जवळ आणून पॉवर वाढवली तर ट्यूब दबते, हे मान्य. पण आमचा हॉल केवढा, त्यात भिंती क्रीम रंगाच्या. सगळी खोली उजळून निघते, आणि त्याच खोलीत वडिलांची कॉट.

मला वेळ मिळायचा तो संध्याकाळी. मालिशवाला येऊन गेलेला, चहा झालेला, रात्रीच्या जेवणाला अवकाश. मी स्टँड उभा करायचो, सॉफ्टबॉक्स लावायचो आणि ट्यूबच्या बटणाला हात लावायचो. की आतून आईचा आवाज: “दिवेलागणीला घरात काळोख करू नकोस रे!” तिच्या दृष्टीने त्या वेळी लक्ष्मी येते आणि मी दिवा घालवून तिला दारातूनच परत पाठवतोय. तिला समजावलं असतं. वडिलांना कसं समजावणार? झटक्यानंतर त्यांना संध्याकाळचा काळोख सोसेनासा झालाय. ट्यूब गेली की चादर चाचपायला लागतात, “कोण आहे? कोण आलंय?” असं विचारत राहतात. टेबलाच्या कोपऱ्यात माझा लाइट जळत असतो, पण त्या उजेडात त्यांना माणसं दिसत नाहीत, भिंतीवर हलणाऱ्या मोठ्या सावल्या तेवढ्या दिसतात. मी घाईने ट्यूब लावायचो, दुसरी सावली परत यायची, आणि मग स्टँड आवरायचा.

ज्याच्या घरी वेगळी खोली आहे त्याला ही अडचण फुसकी वाटेल. वाटू दे. मला मात्र असं वाटत गेलं की जे काम आपण जिवाला थोडा विसावा म्हणून करतोय, त्यासाठी घरातल्या सर्वांत हतबल माणसाला अंधारात बसवायचं, हे काही जुळत नाही. खिडकी कुणाला काही मागत नाही. दिवसा ट्यूब तशीही बंद असते. आई तिच्याच उजेडात तांदूळ निवडते, वडील पेपर धरून बसतात (वाचत नाहीत, धरतात), आणि कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माझी मांडणी असते.

फोटोतही फरक पडला, निदान मला तसं वाटतं. वडिलांचा अडकित्ता पितळी आहे, पातं लोखंडाचं, दांडे वापरून वापरून गुळगुळीत झालेले. डॉक्टरांनी पान-तंबाखू बंद केली, आणि तसंही उजव्या हातात सुपारी कातरायची ताकद उरलेली नाही. तो मी लाइटखाली बऱ्याच प्रकारे काढला होता. प्रत्येक फोटो स्वच्छ, झळझळीत आणि भांड्यांच्या दुकानातल्या जाहिरातीसारखा. मग सकाळी साडेदहाच्या आसपास, ढगाळ दिवशी, तो खिडकीपासून हातभर आत, बाजूने उजेड येईल असा ठेवला. दांड्यावर एक लांब पांढरी पट्टी उतरली, ती कडेकडेला सोनेरी आणि मग तपकिरी होत गेली. पात्याने मात्र खोलीतला काळोख घेतला, फक्त धारेवर केसाएवढी रेघ. बिजागरीच्या खाचेत जुना कात सुकून लालसर झालाय, तो लाइटखाली कधी दिसलाच नव्हता. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून बघितला, काळोख उणा झाला, म्हणून काढून टाकला आणि उलट काळा कार्डशीट उभा केला. वडिलांनी कॉटवरून बघून डाव्या हाताने खूण केली, अडकित्ता जरा उघडून ठेव म्हणून. उघडल्यावर तो खरंच जास्त चांगला दिसला.

मोजमाप काढून कुणी दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर कदाचित लाइटवालाच सरस ठरेल. शार्प आहे, रंग बिनचूक आहेत. मी फक्त एवढंच सांगू शकतो की भिंतीवर लावलाय तो दुसरा.

तरी सगळ्यांनी खिडकीच धरावी असं नाही. दिवसभर हॉस्पिटल नाहीतर ऑफिस, आणि स्वतःचा म्हणून वेळ रात्री सगळे झोपल्यावरच मिळतो, असं असेल तर खिडकीचा सल्ला म्हणजे चेष्टा झाली. तुम्ही लाइटच घ्या, स्वयंपाकघराचं दार लावून ओट्यावर मांडा. खालच्या मजल्यावर राहत असाल, समोर हातभर अंतरावर दुसरी भिंत असेल, तरी तेच. ज्यांना विकायचे फोटो काढायचेत त्यांना तर पर्यायच नाही. बाकीच्यांनी आधी पंधरा दिवस एक पैसाही खर्च न करता खिडकीपाशी बसून बघावं असं मला वाटतं. घरातली कुठली खिडकी किती वाजता कामाची, हे तेवढ्यात कळतं. आमच्याकडे हॉलच्या मोठ्या खिडकीपेक्षा न्हाणीघराची झडपांची छोटी खिडकी जास्त कामाची निघाली, दुधी काचेमुळे. तिथे बादली उलटी घालून तिच्यावर फळी ठेवतो. अंघोळींची वेळ तेवढी सांभाळावी लागते.

आणि तरीही लाइट घ्यायचाच ठरलं तर बॅटरीवर चालणारा घ्या, वायर पायात येणार नाही आणि वीज गेली तरी काम अडणार नाही. मोठ्या पॉवरच्या लाइटमध्ये आत पंखा असतो आणि तो घरघरतो, झोपलेल्या माणसाच्या खोलीत तो नको. सॉफ्टबॉक्स जोडायची कडी प्लास्टिकची नको, धातूची बघा. माझी प्लास्टिकची दोन महिन्यांत तुटली आणि विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. शक्यतो सेकंडहँड बघा, हौसेने घेऊन पडून राहिलेले पुष्कळ मिळतात. माझाच एक आहे, सध्या भाच्याकडे ऑनलाइन क्लाससाठी दिलाय.