साधा फिल्टर की कार्बनचा?

गाडीच्या एसीचा फिल्टर घरी बदलायचा हे ठरलं की दुकानदार विचारतो, 'साधा देऊ की कार्बनवाला?' पांढरा साधा फिल्टर धूळ, परागकण, पाचोळा अडवतो. वास मात्र आरपार. काळपट दिसतो तो कार्बनचा. त्यातला सक्रिय कोळसा वास आणि काही वायू स्वतःच्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. किंमत अर्थातच जास्त.

आमची गाडी बडोद्याच्या दांडिया बाजारात, कडुनिंबाखाली उभी असते. तिथल्या तिथे फिरणाऱ्याला साधा पुरे, फक्त वेळेवर बदला. पण रोज नंदेसरीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्याने, किंवा ट्रकमागे धूर खात हायवे गाठणाऱ्याने कार्बनचाच घ्यावा. एक गोम आहे: कोळशाची ताकद संपली तरी फिल्टर वरून स्वच्छ दिसू शकतो. वास यायला लागला की समजायचं. आणि धुवायचा दोन्हींपैकी कुठलाच नाही. पाण्याने वाट लागते. (आमच्या काकांनी धुऊन गच्चीवर वाळत घातला होता!)

बसवायची रीत दोघांची एकच. बऱ्याच गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. खण रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबून तो खाली सोडा, झाकण काढा. जुना फिल्टर हळूच ओढा, नाहीतर पाचोळा ब्लोअरमध्ये पडतो. नव्यावरचा बाण हवेच्या दिशेनेच हवा. दहा मिनिटांचं काम. मी यंदा कार्बनचा घेतला. बायकोच्या साध्या फिल्टरच्या गाडीत एसी तितकाच गार लागतो.